भाड्याच्या घरातला ओलावा

दप्तरींनी भाड्याने द्यायला म्हणून फ्लॅट घेतला, तो निव्वळ साडूमुळे. माणूस शेजाऱ्याची नवी गाडी सहन करू शकतो, ऑफिसातल्या ज्युनिअरची बढती सहन करू शकतो. पण साडूचं दुसरं घर सहन करायला अंगी संतपण लागतं. आणि या साडूची दोन घरं भाड्याने होती. दर रविवारी सासऱ्यांकडे चहाला जमलं की तो 'कॅश फ्लो' हा शब्द एकदा तरी काढायचा. काढताना डोळे अर्धवट मिटायचा आणि उजवा हात हवेत लाटेसारखा फिरवत अलगद स्वतःच्या खिशापाशी आणून ठेवायचा. तो हात पाहून दप्तरींचा चहा गार व्हायचा.

दप्तरी हे त्यांचं आडनाव नव्हे. एका मोठ्या सरकारी कार्यालयाच्या तळघरात जुन्या कागदांची गाठोडी सांभाळायचं काम ते सव्वीस वर्षं करत होते. म्हणून सगळे त्यांना दप्तरी म्हणत. पुढे पुढे सासूबाईही म्हणू लागल्या. निवृत्तीला पाच वर्षं उरली होती. प्रॉव्हिडंट फंडातली अर्धी रक्कम आणि बाकीचं कर्ज असा मेळ घालून त्यांनी एका चारमजली इमारतीत, तळमजल्यावर, मागच्या बाजूचा फ्लॅट हेरला.

एजंट मोठा सकारात्मक माणूस होता. खोल्यांत अंधार आहे म्हटल्यावर तो म्हणाला, उन्हाळ्यात गार राहील. खिडकीसमोर भिंत आहे म्हटल्यावर म्हणाला, कुणी डोकावणार नाही. दप्तरींची बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होती. वीस वर्षं लोकांचं रक्त आणि बाकीचं काय काय तपासून तिचा रिपोर्टशिवाय कुणावरही विश्वास उरला नव्हता. तिने एकच विचारलं, की एवढं स्वस्त का? मालक परदेशी चाललेत, एजंट म्हणाला. परदेश म्हटलं की पुढचे प्रश्न विचारायचे नसतात अशी एक रीत आहे. ती पाळली गेली आणि व्यवहार झाला.

भाडेकरूही सोन्यासारखा मिळाला. कोपऱ्यावर घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवणारे घड्याळजी. साठीचे, एकटे, बोलायला बेतशीर. पहिल्या भेटीत दप्तरींच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी क्षणभर ऐकलं, दोन मिनिटं मागे आहे म्हणाले, स्टुलावर चढून ते लावलं आणि मग भाड्याला होकार दिला. असा माणूस भाडं कधी चुकवणार नाही हे दप्तरींनी तिथेच ताडलं. एक तारखेला सकाळी पाकीट आलं. दप्तरींनी ते कपाटात ठेवलं, दिवसभरात तीनदा कपाट उघडून पाहिलं, आणि येत्या रविवारी साडूला ही बातमी किती सहज आवाजात सांगायची याची आंघोळीच्या वेळी तालीम केली.

चार तारखेला घड्याळजींचा फोन आला. घर छान आहे, फक्त स्वयंपाकघरात जरा ओलावा आहे, घाई नाही, असं ते म्हणाले.

दप्तरी गेले, तर ओट्याच्या पायथ्याशी एक फरशी ओली होती. पोळपाटाएवढा डाग, त्याहून जास्त नाही. पण इमारतीत बातमीला जिने चढायला वेळ लागत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू येऊन मीठ पसरा म्हणून सांगून गेल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांचं मत कोळशाच्या बाजूने होतं. पहिल्या मजल्यावर, बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये, सोसायटीचे सेक्रेटरी राहत. ते फाइल घेऊनच खाली आले. तुमचा ओलावा माझ्या भिंतीत चढला तर जबाबदारी तुमची, तसं लेखी द्या, असं त्यांनी सांगितलं. सव्वीस वर्षं दुसऱ्यांची लेखी आश्वासनं जपून ठेवलेल्या दप्तरींना आयुष्यात पहिल्यांदा स्वतः एक द्यावं लागलं.

गवंड्याने व्हाइट सिमेंट भरलं. दोन दिवस फरशी कोरडी ठणठणीत. तिसऱ्या दिवशी पाण्याने, पोलीस मागावर असल्यासारखा, पत्ता बदलला आणि ते शेजारच्या फरशीतून आलं. मग प्लंबर आला. त्याने बाथरूमची भिंत फोडून सगळे पाइप बाहेर काढले आणि ऑपरेशननंतर डॉक्टर खडे दाखवतात तसे दप्तरींसमोर मांडले. पाइप ठणठणीत होते. ते आता काढलेच आहेत तर नवे बसवू, असं ठरलं. नवे पाइप बसले, भिंत लिंपली, आणि पाणी झोपायच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत पोचलं. घड्याळजींनी पलंगाखाली विटा लावल्या आणि तक्रारीचा एक शब्द काढला नाही. त्यामुळे तर दप्तरींना त्यांच्यासमोर उभं राहवेना. भांडणारा भाडेकरू परवडतो. समजूतदार भाडेकरूपुढे मालकाची मान वर होत नाही.

साडूला हे सगळं अर्थातच कळलं. त्याने फोनवर इलाज सांगितला. भाडेकरूला काढा, झकास रंग द्या आणि विकून मोकळे व्हा. चांगल्या रंगाखाली ओल तीन महिने दबून राहते.

"आणि चौथ्या महिन्यात?" शेजारी उभ्या असलेल्या बायकोने विचारलं.

चौथ्या महिन्यात तो प्रश्न दुसऱ्या कुणाचा तरी असतो, असं साडूचं उत्तर होतं. खरं सांगायचं तर दप्तरींनी हा सल्ला लगेच झिडकारला नाही. कर्जाचा हप्ता डोळ्यांसमोर नाचत होता. त्या संध्याकाळी त्यांनी घर घेतल्यावर आणलेलं रंगाच्या नमुन्यांचं कार्ड पुन्हा बाहेर काढलं आणि बायकोकडे पाठ करून बराच वेळ चाळलं. बायकोला पाठ वाचता येत होती.

दुसऱ्या दिवशी भाडेकरूला जागा सोडायला कसं सांगावं याची वाक्यं जुळवत ते घड्याळजींच्या दुकानात गेले. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसले होते. वर न पाहताच ते म्हणाले, बरं झालं आलात, मी चार दिवस मोजतोय.

"काय मोजताय?"

"फरशी पुसली की ती पुन्हा काठोकाठ भरायला बावीस मिनिटं लागतात. वरची टाकी भरलेली असो की रिकामी, मेन व्हॉल्व्ह चालू असो की बंद. बावीस म्हणजे बावीस." मग त्यांनी भिंग काढलं. "दप्तरीसाहेब, या दुकानात एवढं नेमकं चालणारं एकही घड्याळ नाही. गळती अशी नसते. गळतीला शिस्त नसते."

दप्तरींची जुळवलेली वाक्यं जागच्या जागी विरली.

घड्याळजींनीच मग एका म्हाताऱ्या प्लंबरचं नाव सुचवलं. त्यांना सगळे वैद्य म्हणत, कारण ते पाइपची नाडी पाहत. हातोडा न आणणारा प्लंबर दप्तरींनी पहिल्यांदाच पाहिला. वैद्यांनी टोपी काढून ओट्यावर ठेवली, स्वयंपाकघराच्या मधोमध फरशीवर आडवे झाले आणि कान जमिनीला लावला. दारात सेक्रेटरी फाइलसह उभे होते, मागे काकू, त्यांच्या मागे कोळशाचे पुरस्कर्ते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. वैद्यांना झोप लागली की काय अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा ते उठून बसले. त्यांचा चेहरा एखाद्या थोरामोठ्याला भेटून आल्यासारखा झाला होता.

"हे नळाचं पाणी नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "नळाचं पाणी अडखळत बोलतं. त्याला मागून कुणीतरी ढकललेलं असतं. हे आपल्या मनाने चाललंय."

चार फरश्या काढायच्या ठरल्या. सेक्रेटरींनी हरकत घेतली, तिची नोंद झाली, आणि फरश्या निघाल्या. खाली मुरूम, मुरुमाखाली ओली माती, मातीखाली गुळगुळीत दगडांचा थर. वैद्यांनी हाताने दगड बाजूला केले. दोन-अडीच फुटांवर हातभर रुंदीचा एक खळगा मोकळा झाला आणि पाहता पाहता गढूळ पाणी निवळलं. दप्तरींनी वाकून पाहिलं. पाणी इतकं नितळ होतं की ते आहे हे आधी कळेचना. तळाशी पांढऱ्या वाळूचे कण खालून वर उडत होते, गिरकी घेऊन बसत होते आणि पुन्हा उडत होते. आवाज नाही, घाई नाही.

काकूंनी पदराचं टोक तोंडाशी धरलं. सेक्रेटरींनी फाइल काखेत घेतली आणि, का कोण जाणे, दाराबाहेर जाऊन चपला काढून आले. दप्तरींच्या मनात हप्ता होता, फोडलेली भिंत होती, साडू होता. ते सगळं जागच्या जागी होतं, पण लांब गेल्यासारखं. आपण हे विकत घेतलं, असा विचार त्यांच्या मनात आला आणि लगेच त्याची लाज वाटली.

बायको लॅबमधली बाटली घेऊन आली, नमुना घेऊन गेली आणि तिसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन परतली. तिने तो एकदा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. "मी हे तीनदा लावलं," ती म्हणाली. "यात वाईट काहीच नाही." वीस वर्षांत तिच्या तोंडून असं वाक्य दप्तरींनी ऐकलं नव्हतं, माणसांबद्दलही नाही.

पण थक्क होऊन हप्ता फिटत नाही, आणि पाणी वर येतच होतं. घड्याळजींच्या पलंगाखाली विटांचा दुसरा थर आला. मोटर लावून पाणी गटारात सोडावं लागलं, तर आठ दिवसांत पाणी वाया घालवल्याबद्दल दप्तरींना नोटीस आली. पाणीपुरवठा कार्यालयात खिडकीवरच्या माणसाने शांतपणे समजावलं, की पाणी आमचं असेल तर आम्ही बंद करू, आमचं नसेल तर आमचा संबंध नाही. मग नोटीस कशी दिली? नोटीस वाया घालवण्याबद्दल आहे, पाण्याबद्दल नाही. बांधकाम परवान्याच्या खिडकीवर, घरात झरा असेल तर त्याची मंजुरी आधी का घेतली नाही, असं विचारलं गेलं. सेक्रेटरींचा पहिल्या दिवशीचा भाव ओसरून आता इमारतीच्या पायाची काळजी लागली होती. काँक्रीट ओतून हे तोंड कायमचं बंद करावं असा ठराव त्यांनी तयार ठेवला होता.

शेवटी कुणीतरी भूजल कार्यालयाचं नाव घेतलं. ते एका जिन्याच्या टोकाला होतं. आत एक अधिकारी बाई आणि एक पंखा, दोघंही आपापल्या जागी. तिथे आपणहून कुणी नागरिक येण्याची ही त्या वर्षातली पहिलीच खेप असावी, कारण बाईंनी उठून खुर्ची पुसून दिली. दप्तरींनी सगळं सांगितलं. बाई ऐकता ऐकता उभ्या राहिल्या, पर्स घेतली आणि म्हणाल्या, चला, मला दाखवा.

त्या स्वयंपाकघरात गुडघ्यांवर बसल्या. बराच वेळ वाळूचे कण पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, की हा झरा नवा नाही, तुमची इमारत नवी आहे. एवढी वर्षं हे पाणी खालून कुठेतरी निघून जात असणार. त्याची वाट कुणीतरी बंद केली. काँक्रीट ओतलंत तर ते दुसऱ्याच्या भिंतीतून येईल. "पाण्याला नाही म्हणता येत नाही. कुठून जा एवढं फक्त सांगता येतं. पण त्याची जुनी वाट कुठे होती, ते सांगणारा नकाशा माझ्याकडे नाही."

नकाशा म्हटल्यावर दप्तरींचे कान टवकारले. इतके दिवस प्रत्येक जण त्यांच्यासमोर आपापली विद्या दाखवत होता आणि ते मालक म्हणून नुसते बाजूला उभे होते. दुसऱ्या दिवशी ते तळघरात शिरले. तिसऱ्या दिवशी दुपारी, ज्या कपाटाला टेकून ते इतकी वर्षं डबा खात होते त्याच कपाटाच्या सर्वात खालच्या फळीवर, त्यांना तो सापडला. कापडावर चिकटवलेला, कडा खाल्लेला नकाशा. इमारती नव्हत्या तेव्हाचा. आता जिथे फ्लॅट होता तिथे शाईचं एक बारीक वर्तुळ आणि शेजारी वळणदार अक्षरात 'झरा, बारमाही'. त्यातून निघालेली निळी रेघ उतारावरच्या ओढ्याला मिळत होती. गेल्याच वर्षी काँक्रीटचा झालेला रस्ता बरोबर त्या रेघेवरून गेला होता. दप्तरी तिथेच जमिनीवर बसले. ज्याने ते अक्षर काढलं तो माणूसही असाच कधी वाकून बसला असेल आणि मग उठून 'बारमाही' लिहिलं असेल, असं त्यांच्या मनात आलं. डबा तसाच राहिला.

नकाशाची प्रत जोडलेला अर्ज मात्र खिडक्याखिडक्यांतून सावकाश चालू लागला. त्याचं काही व्हायच्या आतच शहराची मोठी जलवाहिनी फुटली आणि पाच दिवस नळ कोरडे पडले.

पहिल्या दिवशी काकू कळशी घेऊन आल्या. दुपारपर्यंत अख्खी इमारत आली, दुसऱ्या दिवशी गल्ली आली, तिसऱ्या दिवशी पलीकडची गल्ली. दप्तरींनी रजा टाकली. घड्याळजींनी दुकान बंद ठेवून रांगेची वेळ सांभाळली. बायको प्रत्येकाचं भांडं धुतलेलं आहे की नाही ते पाहूनच आत सोडत होती. दोघांना तिने परत पाठवलं, त्यात एक सेक्रेटरी होते. वैद्य खळग्याशी बसून बादली भरून देत होते आणि कुणाचा धक्का लागून माती पडली तर रागावत होते. साडूही आला. रांग पाहून त्याचे डोळे अर्धवट मिटले. त्याने दप्तरींना कोपऱ्यात घेतलं आणि हंड्यामागे किती, बादलीमागे किती, कॅनवाल्यांना वेगळा दर, असं सगळं समजावलं. आयुष्यातली संधी आहे, म्हणाला. हिशेब चोख होता. दप्तरींचे दोन वर्षांचे हप्ते त्यात बसत होते.

दप्तरी दारापाशी गेले. रांगेत पहिली एक बाई होती, कडेवर मूल, हातात औषधाच्या दुकानातली प्लास्टिकची बरणी. तिने विचारलं, "किती द्यायचे?"

आकडा दप्तरींच्या जिभेवर तयार होता. त्यांनी मागे वळून पाहिलं. पहिल्या दिवशी सकाळी घड्याळजींनी दगडावर पेन्सिलीने पाण्याच्या पातळीची रेघ मारली होती. दोन दिवसांत दीड हजार भांडी भरून गेली होती आणि पाणी त्या रेघेला टेकून उभं होतं. नखभरही खाली नाही. जन्मभर काढलं की कमी होतं एवढंच गणित शिकलेल्या दप्तरींनी ती रेघ पुन्हा एकदा पाहून घेतली.

"काही नाही," ते म्हणाले. "भांडं सरळ धरा, सांडेल."

साडू त्या दिवशी चहा न घेता गेला.

पाच दिवसांनी नळ आले. त्यानंतरच्या सोसायटीच्या बैठकीत काँक्रीटच्या ठरावाचा कागद सेक्रेटरींना सापडला नाही, शोधलाही नाही. त्याऐवजी त्यांनी नवा मांडला. स्वयंपाकघर सोसायटीने पंपघर म्हणून भाड्याने घ्यावं, पाणी टाकीत चढवावं, आणि उरलेलं रस्त्याखालून जुन्या वाटेने ओढ्याला जाऊ द्यावं. भूजलवाल्या बाईंनी रस्ता खणायची परवानगी मिळवून आणली. तीन खिडक्यांवर त्या स्वतः उभ्या राहिल्या होत्या. घड्याळजींनी मागच्या गॅलरीत आपली चूल मांडली, भाडं थोडं कमी झालं, आणि विटा काढून पलंग पुन्हा जमिनीवर आला. दोन्ही भाडी मिळून हप्त्याला थोडी कमीच पडत. कमी पडेल ते पगारातून जाई. भाड्याच्या घरातून उत्पन्न काढायला निघालेल्या माणसाला दर महिन्याला त्यात पदरचे घालावे लागावेत, ही गोष्ट दप्तरींनी रविवारच्या चहाला आपणहून सांगितली. सासरे हसले. साडू हसला नाही. कपातला चहा ढवळत राहिला.

पुढच्या आठवड्यात तो एकटाच आला. इकडे काम होतं म्हणाला. पंपघर पाहायचंय असं काही म्हणाला नाही, पण किल्ली घेऊन निघालेल्या दप्तरींच्या मागे मागे आला. दप्तरींनी झाकण उचललं. साडूने वाकून पाहिलं. नेहमीसारखं काही बोलणार म्हणून दप्तरी वाट पाहत राहिले. इस्त्रीची पँट सावरत साडू आधी उकिडवा बसला, मग सरळ ओल्या फरशीवर मांडी घातली. वाळूचे कण उडत होते, बसत होते.

"रात्रीही असंच चालू असतं?" त्याने विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

"हो."

"कुणी पाहत नसताना?"

"हो."

बाहेरच्या खोलीत घड्याळजी स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होते. साडूने बोट पाण्यात बुडवलं आणि गारव्याने चटकन मागे घेतलं.

"पण साडूभाऊ, हे येतं कुठून?"

"माहीत नाही," दप्तरी म्हणाले. साडूसमोर हे दोन शब्द उच्चारायची त्यांची पहिलीच वेळ, आणि त्यात त्यांना जराही कमीपणा वाटला नाही. झाकण भिंतीला टेकवून ठेवून तेही शेजारी बसले.